फळ शेवटी बघ

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझे फोटो मिळाले. फळं छान टिपली आहेस, पण झुडूप ओळखायला तेवढ्यावर भागत नाही. ‘काळी फळं आणि काटे, म्हणजे करवंदच ना?’ असं तू विचारतेस. मला नाही वाटत. एका फोटोच्या कोपऱ्यात चुकून अर्धं पान आलंय आणि त्याची कड चक्क दातेरी आहे. करवंदाच्या पानाची कड सरळ, गुळगुळीत असते.

फळाचा रंग पिकण्याबरोबर बदलत जातो, आणि काळी गोल फळं धरणारी झुडपं ढिगाने आहेत. फांदीवर पानं कशी बसली आहेत ते मात्र बदलत नाही. म्हणून आधी पेर, म्हणजे फांदीवर पानं फुटतात ती जागा, बघायचं. पानं एकाच पेरावर समोरासमोर आहेत की एकाआड एक? करवंद आणि घाणेरी (टणटणी) दोघांची समोरासमोर, बोरीची एकाआड एक. म्हणजे समोरासमोर दिसली तर बोर तिथेच बाद. बोरीची शंका उरलीच, तर पान उलटं कर: खालून पांढुरकी लव आणि बुडापासूनच निघालेल्या तीन ठळक शिरा दिसतील.

काट्यांपाशी जरा रेंगाळ, कारण ‘काटे आहेत’ एवढ्याने काहीच कळत नाही. काटा निघालाय कुठून? करवंदाचा काटा म्हणजे मुळात फांदीच. तो पेरापाशी जोडीने येतो, कधी टोकाला दुभंगतो, आणि आतल्या लाकडाचाच भाग असल्यामुळे रेटायला गेलीस तर तुझाच अंगठा दुखेल. घाणेरीचे काटे बारीक, मागे वळलेले आणि नुसत्या सालीवर उगवलेले. कडेने दाबले की गुलाबाच्या काट्यासारखे सालीसकट निघून येतात. बोरीचे असतात पानाच्या बुडाशी, बरेचदा दोन, त्यातला एक सरळ नि एक वाकडा. घाणेरीला कधी कधी काटे जवळजवळ नसतातही, तेव्हा काटा दिसला नाही म्हणून तिला सोडून देऊ नकोस.

मग कोवळी फांदी दोन बोटांत धरून फिरव. बोटांना कोन लागले, खोड चौकोनी वाटलं, की घाणेरीकडे पारडं झुकलं. तिचं पान खरखरीत असतं आणि चुरडलं की उग्र वास सुटतो. करवंदाचं पान जाड, तकतकीत, आणि तोडलं की देठातून पांढरा चीक येतो. चीक हाताला लागला तर हात धुवायचे, तोवर डोळ्यांना लावायचे नाहीत. पण चीक आला म्हणजे झाड विषारी, असं काही नाही. करवंद आणि बिट्टी एकाच कुळातली, चीक दोघांनाही. त्यातलं करवंद खातात आणि बिट्टीची बी जिवावर बेतते. चिकाने फार तर कुळाचा अंदाज येतो.

फूल कुठे उरलं असेल तर काम सोपं. घाणेरीच्या एका गुच्छात बारीक फुलं दाटीने असतात, बाहेरची आधी उमलतात आणि उमलल्यावर पिवळ्याची नारिंगी, गुलाबी किंवा लाल होतात. त्यामुळे एकाच गुच्छात दोन-तीन रंग दिसतात. करवंदाचं फूल पांढरं, सुवासिक, अरुंद नळीवर पाच पाकळ्या.

आता फळ! घाणेरीचं जेमतेम अर्धा सेंटिमीटर, एका देठावर घोसाने, आत एक टणक कोय. करवंद त्याच्या तिप्पट-चौपट मोठं, गरात काही चपट्या बिया. काटेकोर बोलायचं तर करवंद ही बेरी, म्हणजे टणक कोय नसलेलं गराचं फळ, आणि घाणेरीचं कोयीचं फळ, पण हे वरून कळत नाही, कापावंच लागतं.

‘पक्षी खाताना पाहिलं’ असंही लिहिलं आहेस. तो पुरावा धरू नकोस. घाणेरीची फळं पक्षी आवडीने खातात, तिचा प्रसारही तेच करतात. पण तिचा पाला पोटात गेला की गुराढोरांचं यकृत बिघडतं, मग उन्हात त्यांची कातडी सोलवटते. माणसालाही तिची हिरवी फळं बाधू शकतात. ओळख पक्की होईपर्यंत चवीपुरतंही तोंडात घालायचं नाही. आणि मोबाइलवरचं ते ॲप फोटोत जेवढं आहे तेवढंच बघणार. फक्त फळ दाखवलंस तर त्याचाही तुझ्यासारखाच गोंधळ होईल.

पुढचे फोटो असे काढ: तीन-चार पेरांची डहाळी, पानाची खालची बाजू, काट्याचं बूड अगदी जवळून, आणि मधोमध कापलेलं फळ, शेजारी पट्टी ठेवून. माझा अंदाज घाणेरीचा आहे. अंगठ्याने दाबून काटा सालीसकट निघाला आणि खोडही चौकोनी लागलं, तर फोटोंसाठी थांबू नकोस, लगेच कळव.

तुझी,
आई