परागकणांचीही मोजदाद हवी

महोदय,

पुण्यातले हवेच्या गुणवत्तेचे फलक पीएम २.५ आणि पीएम १०, म्हणजे अनुक्रमे अडीच आणि दहा मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हवेतले कण दाखवतात. बहुतेक परागकण १० मायक्रॉनपेक्षा मोठे, म्हणजे या हिशेबाबाहेरच. गाजरगवताने शिंकून बेजार झालेल्यालाही फलक 'समाधानकारक' म्हणून मोकळा होतो!

स्वित्झर्लंडच्या हवामान खात्याने २०२३ पासून स्वयंचलित परागमापन सुरू केले. अशी यंत्रे कणाची प्रतिमा टिपतात. काहींत कणावर अतिनील प्रकाशही सोडतात. त्याने कणातली जैविक द्रव्ये चमकतात आणि साधी धूळ बरीचशी वेगळी काढता येते. मात्र धुरातले काही कणही चमकतात. आपल्याकडे धुराला तोटा नाही. त्यामुळे चिकटपट्टीवर कण पकडून सूक्ष्मदर्शकाखाली मोजण्याची जुनी पद्धत जोडीला लागेलच.

यंत्र महाग आहे, कबूल. तरी पावसाळा सरताना पुण्यात एखादे बसवून पाहावे.

— एक वाचक, पुणे