ईशाला एनडीएत पाठवावं का? रंजनाला पत्र

पुणे,
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय रंजना,

परवा फोनवर तू लेकीबद्दल विचारलंस, "ईशा एनडीएत, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, जायचं म्हणतेय, पाठवू का?" आणि मी "हो" म्हटल्यावर म्हणालीस, "नुसतं हो नको, तू चौदा वर्षं फौजेत काढलीस, नीट लिहून सांग. यांनाही वाचायला देईन." म्हणून बसलेय. लांबेल, चहा घेऊन वाच.

आधी उत्तर. पाठव. ईशाच्या अंगात ते आहे, मी तिला लहानपणापासून बघतेय. पण तुला काळजी वाटते ती जागा चुकीची आहे असं मला वाटतं. तू विचारतेस, तिथे मुली सुरक्षित असतात का, झेपेल का, मुलांत एकटी पडेल का. या प्रश्नांना आता बरी उत्तरं आहेत. फौजेत शिरायचं दार उघडलंय. खरी अडचण आत गेल्यावर आठ-दहा वर्षांनी येते, आणि ती कुणी तोंडावर सांगत नाही. ती कागदावर येते. मला तिला त्याबद्दल सावध करायचंय.

शिरण्याबद्दल थोडक्यात सांगते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना एनडीएच्या परीक्षेला बसू द्या असा अंतरिम आदेश दिला आणि त्याच नोव्हेंबरमध्ये मुली परीक्षेला बसल्या. २०२२ मध्ये १९ मुली खडकवासल्यात दाखल झाल्या. यंदा ३० मे रोजी त्यांच्यातल्या १७ जणी 'अंतिम पग', म्हणजे संचलनातली शेवटची पायरी, ओलांडून बाहेर पडल्या. मी ते संचलन टीव्हीवर उभी राहून पाहिलं, बसवेना. मुलांच्या बरोबरीने तीन वर्षं, तेच मैदान, तेच शिक्षण. आमच्या वेळी चेन्नईच्या ओटीएत, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीत, बायकांचं प्रशिक्षण सहा महिन्यांचं होतं, मुलांचं त्याच्या जवळपास दुप्पट. कमी शिकवायचं आणि पुढे "यांचं प्रशिक्षणच कमी" म्हणायचं, हे आम्ही पुरेपूर अनुभवलं. ईशाच्या वाट्याला ते येणार नाही.

आता माझं सांगते. यातलं बरंच तुलाही कधी सांगितलेलं नाही.

सैन्यात डॉक्टर आणि नर्स यांच्यापलीकडे बायकांना अधिकारी म्हणून घ्यायला १९९२ मध्ये सुरुवात झाली. मी १९९४ ची, आर्मी सर्व्हिस कोअर, म्हणजे रसद पुरवणारी शाखा. पाच वर्षांचं कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, मग पाच वाढवून मिळाली, मग शेवटची चार. चौदा झाली की घरी. पेन्शनला वीस वर्षं लागतात, त्यामुळे पेन्शन नाही. २००८ मध्ये मेजर म्हणून बाहेर पडले. त्याच वर्षी सरकारने जज्ज ॲडव्होकेट जनरल (जॅग, सैन्याची कायदा शाखा) आणि एज्युकेशन कोअर या दोन शाखांत बायकांना कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत नोकरी, द्यायचं ठरवलं, पण नव्याने येणाऱ्यांसाठी. आमच्यासाठी नाही.

माणूस जाणारच आहे हे सगळ्यांना ठाऊक असलं की काय होतं, बघ. मोठ्या कोर्सला नाव पाठवायची वेळ आली की ती जागा दुसऱ्याला, कारण हिच्यावर खर्च करून उपयोग काय. कंपनीची, म्हणजे जवानांच्या तुकडीची, कमांड द्यायची वेळ आली की तीही दुसऱ्याला, कारण त्याला पुढच्या बोर्डासाठी, म्हणजे बढतीच्या निवड मंडळासाठी, त्या कमांडवरचा क्रायटेरिया रिपोर्ट लागतो. आणि वर्षाच्या शेवटी एसीआर, म्हणजे वरिष्ठाने लिहिलेला गोपनीय अहवाल. आमच्याकडे नऊपैकी आकडे देतात. माझे एक कमांडिंग ऑफिसर, नाव घेत नाही, अतिशय सज्जन माणूस, मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "तुझं काम पहिल्या नंबरचं आहे, पण नऊ मला त्याला द्यावे लागतील. त्याचं बोर्ड आहे. तुला कुठे बोर्ड आहे?" मला सात आणि आठ मिळाले. त्यांनी अन्याय करायचा म्हणून केला नाही. मी "राइट सर" म्हणून सॅल्यूट मारून बाहेर आले. त्या दिवशी रडूही आलं नाही, कारण त्यांचं म्हणणं त्या व्यवस्थेत बरोबरच होतं.

म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०२१ चा नितिशा प्रकरणातला निकाल मला २०२० च्या निकालाहून मोठा वाटतो. फेब्रुवारी २०२० चा बबिता पुनिया प्रकरणाचा निकाल सगळ्यांना माहीत आहे. बायकांना कायम कमिशन मिळावं म्हणून हा खटला २००३ पासूनचा, दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये बायकांच्या बाजूने कौल दिला, सरकार अपिलात गेलं, आणि न्या. चंद्रचूड व न्या. रस्तोगी यांनी शेवटी सांगितलं की दहा शाखांत कायम कमिशन द्या आणि कमांडलाही आडकाठी नको. पेढे वाटले गेले. मग बोर्ड बसलं. ६१५ जणींचा विचार झाला आणि कायम कमिशन प्रत्यक्षात मिळालं २७७ जणींना.

बाकीच्या का गळाल्या? त्यांचे पाचव्या-दहाव्या वर्षापर्यंतचेच एसीआर पाहिले गेले, म्हणजे "तुला कुठे बोर्ड आहे" म्हणून दिलेले तेच सात आणि आठ. नंतरच्या वर्षांतलं काम, पदकं, शाबासक्या मोजल्या नाहीत. कोर्सला पाठवलंच नव्हतं, त्याचे गुण नाहीत. आणि वैद्यकीय कसोटी शेप-वन, म्हणजे तंदुरुस्तीची सर्वांत वरची श्रेणी. पुरुष अधिकारी ही कसोटी तिशीच्या आसपास देतो. या बायकांना ती वयाच्या चाळिशी-पन्नाशीत लावली. इतक्या वर्षांची नोकरी आणि बाळंतपणं उरकल्यावर, पंचविशीतल्या तब्येतीच्या मापाने. मार्च २०२१ मध्ये नितिशा प्रकरणात न्यायालयाने हे सगळं एकेक करून उलगडलं आणि म्हटलं की नियम दिसायला सगळ्यांना सारखा असला तरी त्याचा परिणाम भेदभावाचा असू शकतो. रंजना, तो निकाल मी रात्री दोनपर्यंत वाचत बसले होते. माझ्या केबिनमधला तो प्रसंग देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या कागदावर आला होता, माझं नाव नसताना.

इथे मला तुझ्या वडिलांची आठवण येते. भाऊ पेन्शनवर आले तेव्हा आपण साताऱ्याला कॉलेजात होतो. तुमच्या ओसरीवर बसून ते महार रेजिमेंटचं सांगायचे आणि मी मराठ्याची पोर तोंड उघडं टाकून ऐकायची, कारण आमच्या घरी हे कधीच कुणी बोललं नव्हतं. भीमा कोरेगावच्या स्तंभावरची ती 'नाक'ने संपणारी महार शिपायांची नावं, बॉम्बे आर्मीत पिढ्यानपिढ्या असलेले महार जवान आणि सुभेदार, बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार. आणि मग १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद. ब्रिटिश सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळात 'लढाऊ जाती'चा सिद्धांत आला आणि ज्यांचे बापजादे त्याच फौजेत लढले ते एकाएकी लढायला नालायक ठरले. कारण एक सांगितलं गेलं ते भाऊ नेहमी ठासून सांगायचे: वरच्या जातीचे शिपाई यांच्याबरोबर राहणार नाहीत, यांचा हुकूम मानणार नाहीत.

भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये विनंतिपत्र तयार केलं. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये पुन्हा अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडूनही टाकली. बाबासाहेबांनी लावून धरलं आणि दुसऱ्या महायुद्धात, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. पुढे याच रेजिमेंटमध्ये कमिशन घेतलेले कृष्ण राव आणि सुंदरजी हे दोघे लष्करप्रमुख झाले, आणि मेजर परमेश्वरन यांना श्रीलंकेतल्या शौर्यासाठी परमवीर चक्र मिळालं. आज तिथे सगळ्या जातींचे जवान एका लंगरात जेवतात.

आता ऐक. २०२० मध्ये सरकारच्या वतीने न्यायालयात एक मुद्दा असा होता की जवान बहुतांशी खेड्यांतून येतात, बाईची कमांड स्वीकारायची त्यांच्या मनाची तयारी नाही. मी वर्तमानपत्रात ते वाचलं आणि मला भाऊंची ओसरी दिसली. सव्वाशे वर्षांत कारण तसंच राहिलंय. "आमचं काही म्हणणं नाही हो, पण खालचे लोक ऐकणार नाहीत." आणि त्या खालच्या लोकांना कुणी विचारलेलं नसतं.

मी त्या खालच्या लोकांबरोबर राहिलेय. जम्मूहून वर रसद नेणारा काफिला घेऊन गेलेय. माझ्या प्लाटूनचे जवान हरियाणाचे होते, बिहारचे होते, आपल्या बीड-जालन्याचे होते. पहिला आठवडाभर ते मला निरखत होते, हे खरं. पण जवान कोणत्याही नव्या अधिकाऱ्याला निरखतोच. त्याला बघायचं असतं की हिला गाडीतलं कळतं का, घाटात गाडी बंद पडली तर ही उतरते की बसून राहते, माझ्या बापाचं ऑपरेशन आहे तर ही रजेचा कागद आजच सही करते की उद्या. यात पास झालीस की संपलं. माझे सुभेदार साहेब जुने, मिशीवाले, घरी सुनेने पदर घेतल्याशिवाय समोर यायचं नाही अशा वळणाचे. मला त्यांनी एकदाही कमी लेखलं नाही. मला त्रास झाला तो बरोबरीच्यांकडून आणि वरच्यांकडून, आणि तोही बहुतेक वेळा गोड बोलून.

गेल्या वर्षीच्या अखेरीला आणखी एक प्रकार झाला. त्याआधी, २०२३ च्या जानेवारीत, खास निवड मंडळाने १०८ जणींना कर्नलपदासाठी निवडलं होतं, म्हणजे स्वतःची युनिट. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये एका वरिष्ठ सेनाधिकाऱ्याचं पत्र वर्तमानपत्रांत आलं, आपल्या हाताखालच्या आठ महिला कमांडिंग अधिकाऱ्यांच्या उणिवा सांगणारं. त्या अहंकारी आहेत, त्यांच्यात सहानुभूती कमी आहे, वगैरे. त्यांतल्या काहींचं चुकलंही असेल. पण पंचवीस वर्षं ज्यांना कमांडच्या आसपास फिरकू दिलं नाही, त्यांना एकदम युनिट हातात दिली, आणि आठ जणींवरून सगळ्या बायकांची परीक्षा केली. आठ पुरुष कर्नल नालायक निघाले तर पुरुषांना कमांड द्यावी का असं कुणी विचारत नाही. मला याचा अजून राग आहे.

कर्नल सोफिया कुरेशींना ७ मे रोजी ऑपरेशन सिंदूरची माहिती देताना तू टीव्हीवर पाहिलंस, तेव्हा मला मेसेज केला होतास. त्या इथे पुण्यात २०१६ मध्ये अठरा देशांच्या सरावात भारतीय तुकडीच्या प्रमुख होत्या, आणि अठरा तुकड्यांत त्या एकट्याच महिला प्रमुख. त्या १९९९ च्या. चौदा वर्षांचा नियम जसाच्या तसा राहिला असता तर २०१३ मध्येच त्या माझ्यासारख्या घरी बसल्या असत्या. देशाची मुलगी म्हणून त्यांचं कौतुक झालं, त्या मुसलमान आहेत हेही पुन्हापुन्हा सांगितलं गेलं, एका मंत्र्याने वाईट बोलूनही घेतलं. पण बायकांना वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या म्हणून त्या त्या खुर्चीत होत्या, हे फार थोड्यांनी सांगितलं. ईशाला हे माहीत असलं पाहिजे.

हे अजून चालूच आहे. याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जॅग शाखेत पुरुषांना सहा आणि बायकांना तीन अशी जागांची वाटणी रद्द केली. गुण जास्त असूनही मुली बाहेर राहत होत्या. दुसरीकडे तोफखान्यात २०२३ पासून मुली आहेत, हवाई दलात २०१६ पासून लढाऊ विमानांवर आहेत. इन्फंट्री आणि रणगाडे मात्र अजून बंद. ईशाचं मन पायदळावर असेल तर तिला हे आत्ताच सांग, खडकवासल्यात जाऊन कळायला नको.

आता तिच्यासाठी कामाचं. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल आणि सप्टेंबर. गणित तिचं चांगलं आहे, सामान्य ज्ञानासाठी रोज वर्तमानपत्र. एसएसबीची, म्हणजे लेखीनंतरच्या निवड चाचणीची, भीती नको, पाच दिवस आपण आहोत तसंच राहायचं असतं. आणि तुझी धाकटी आठवीत आहे ना? नाशिकला मुलींसाठी सरकारची सेवापूर्व प्रशिक्षण संस्था आहे, अकरावी-बारावी तिथेच होते. दहावीच्या वर्षी अर्जावर लक्ष ठेव.

आणि कमिशन मिळाल्यावरचं, हे पान तिने जपून ठेवावं असं मला वाटतं. पहिल्या दिवसापासून कोर्स मागायचे, लेखी मागायचे. कंपनी कमांड कुणी "तुला त्रास कशाला" म्हणून टाळत असेल तर नम्रपणे नाही म्हणायचं. अवघड पोस्टिंग टाळायचं नाही. एसीआरमधला जो भाग दाखवतात तो नीट वाचून सही करायची, लाजेखातर भरभर नाही. मूल झालं तर रजा हक्काने घ्यायची, पण त्या वर्षीचा रिपोर्ट कुणी, कधी लिहिला ते विचारायचं. आणि आपल्यामागून येणाऱ्या मुलीला हे सगळं सांगायचं. आम्हाला सांगायला पुढे कुणीच नव्हतं.

तुझ्या नवऱ्याला सांग, लग्नाचं काय होईल ही चिंता त्यांनी सध्या बाजूला ठेवावी. भाऊंना माझा नमस्कार सांग आणि कडक सॅल्यूटही. दिवाळीत ईशाला चार दिवस माझ्याकडे पाठव. सकाळी तळजाईवर पळायला नेईन, आणि माझे जुने एसीआरचे उतारे तिला दाखवीन, म्हणजे सातचा आकडा कसा दिसतो ते कळेल.

तुझीच,
विद्या