सालामिसचे कर्ज आणि सिसेरोचा कर्तव्यविचार

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रोमन तत्त्वज्ञांवर आलेला लेख आवडीने वाचला. राग कसा आवरावा, अपयशाने का खचू नये, लोकांच्या बोलण्याचा मनस्ताप का करून घेऊ नये, याविषयी सेनेका आणि मार्कस ऑरेलियस यांचे विचार त्यात नेमकेपणाने मांडले आहेत. तरीही लेख वाचून संपल्यावर रोमन नीतिविचार म्हणजे धकाधकीत मन शांत ठेवण्याची एक युक्ती, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः हे दोघेही राज्यकारभाराच्या ऐन मध्यभागी वावरलेले होते. सेनेका हा सम्राट नीरोचा शिक्षक व पुढे सल्लागार होता. मार्कस इ.स. १६१ ते १८० या काळात स्वतः सम्राट होता आणि पहाटे अंथरूण सोडवेना तेव्हा, आपण माणसाचे काम करायला उठत आहोत, असे स्वतःला बजावीत होता. या कामाचा संदर्भ काढून टाकला, तर त्यांची वचने डोकेदुखीच्या गोळीसारखी कोणीही, कशावरही घ्यावी अशी होऊन बसतात.

हा संदर्भ ज्या ग्रंथात सर्वांत ठळक दिसतो, त्या रोमन वक्ता व राजकारणी सिसेरोच्या ‘दे ऑफिसिस’ या कर्तव्यविषयक ग्रंथाचा लेखात उल्लेखही नाही, म्हणून हे पत्र. इ.स.पू. ४४ च्या मार्च महिन्यात सीझरचा खून झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, अथेन्सला शिकत असलेल्या आपल्या मुलाला उद्देशून सिसेरोने हा ग्रंथ लिहिला. सिनेट संपली आहे, न्यायालये नष्ट झाली आहेत, मग सभागृहात किंवा न्यायालयात आपल्याला शोभेल असे करण्यासारखे उरले आहे काय, असे तो त्यात विचारतो. ग्रंथाचे तीन भाग आहेत : उचित काय, हितकारक काय, आणि या दोहोंत विरोध दिसला तर काय करावे. पहिल्या दोन भागांसाठी त्याने ऱ्होड्स या ग्रीक बेटावरच्या पानेटियस या तत्त्वज्ञाचा आधार घेतला. तिसऱ्या प्रश्नावर लिहिण्याचे आश्वासन देऊनही, आणि नंतर तीस वर्षे आयुष्य लाभूनही, पानेटियसने ते कधी पुरे केले नाही, याची सिसेरोने आवर्जून नोंद केली आहे. त्यामुळे तिसरा भाग तो स्वतःच्या बळावर लिहितो, आणि माझ्या मते ग्रंथाचा खरा कस तिथेच लागतो.

राज्यकारभार हा पालकत्वासारखा आहे, म्हणजे तो ज्यांच्या हाती सोपवला त्यांच्यासाठी नसून ज्यांचा भार सोपवला त्यांच्या हितासाठी चालवायचा असतो, हे त्याचे म्हणणे पहिल्याच भागात येते. धान्याची टंचाई असलेल्या ऱ्होड्सला गलबत घेऊन पोहोचलेल्या व्यापाऱ्याने, मागून आणखी गलबते येत आहेत हे गिऱ्हाइकांना सांगावे की चढ्या भावाने माल विकून मोकळे व्हावे, हा प्रश्न तिसऱ्या भागात आहे. सांगायला हवे, असा सिसेरोचा निर्णय आहे. हे सारे वाचताना पटते, पण हा माणूस स्वतः अधिकारपदावर होता तेव्हा कसा वागला, हा प्रश्न वाचकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. त्याचे उत्तर त्याने मित्र अॅटिकस याला लिहिलेल्या पत्रांत सापडते. महसूल खात्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला ती पत्रे फार ओळखीची वाटतात, हेही सांगून टाकतो.

इ.स.पू. ५१ मध्ये सिसेरो किलिकिया (आजच्या तुर्कस्तानचा दक्षिण भाग) या रोमन प्रांताचा अधिकारी म्हणून गेला. सायप्रस बेट त्याच प्रांतात मोडत होते. तिथल्या सालामिस नगराने रोमच्या सावकारांकडून द.सा.द.शे. ४८ दराने कर्ज उचलले होते. प्रांतातील लोकांना रोममध्ये कर्ज देण्यास कायद्याने मनाई होती, म्हणून या व्यवहारासाठी सिनेटकडून खास ठराव करून घेण्यात आले होते. वसुली पाहणाऱ्या स्काप्टियसला आधीचा अधिकारी अॅपियस क्लॉडियस याने पद आणि घोडदळाची तुकडी दिली होती. त्या बळावर स्काप्टियसने नगराच्या सभासदांना त्यांच्याच सभागृहात कोंडून ठेवले आणि त्यांपैकी पाच जण उपासमारीने मेले.

सिसेरोने ते घोडदळ बेटावरून काढून घेतले. व्याज १२ टक्क्यांहून अधिक लावता येणार नाही, असे त्याने पदावर येतानाच जाहीर केले होते. त्या दराने हिशेब केला तर देणे सुमारे १०६ टॅलेंट (त्या काळचे मोठ्या रकमा मोजण्याचे परिमाण) होत होते, स्काप्टियस २०० मागत होता. नगरवासी पैसे मोजून द्यायला तयार होते. अधिकाऱ्याला रिवाजाने द्यावी लागणारी रक्कम सिसेरोने नाकारली होती, तेव्हा हे कर्ज आम्ही एका अर्थी तुमच्याच पैशांतून फेडतो आहोत, असे ते म्हणाले. एवढ्यावर प्रकरण मिटायला हवे होते. पण पुढे उघड झाले की, स्काप्टियस हा केवळ पुढे केलेला माणूस असून पैसा ब्रूटसचा होता. ब्रूटस म्हणजे सचोटीबद्दल रोमभर नावाजलेला, कर्तव्य या विषयावर स्वतः ग्रंथ लिहिणारा ब्रूटस, आणि अॅपियस हा त्याचा सासरा.

अॅटिकसनेही भीड घातली : निदान पन्नास घोडेस्वार तरी स्काप्टियसला द्यावेत. सिसेरो त्यावर चिडला. असे काही केले, तर तू ज्यांची एवढी स्तुती करतोस त्या माझ्याच पुस्तकांना हात लावण्याचे धाडस मला पुन्हा होईल काय, असे त्याने उलट विचारले. घोडेस्वार त्याने दिले नाहीत. परंतु व्याज थांबावे म्हणून नगरवासी ती रक्कम देवळात अनामत ठेवू म्हणाले, तेव्हा स्काप्टियसच्या सांगण्यावरून त्याने त्यांना तसे करू दिले नाही आणि प्रकरण निकालात न काढता तो प्रांत सोडून गेला.

आता ग्रंथाच्या तिसऱ्या भागातील मैत्रीविषयीचा उतारा पाहावा. न्यायाधीशाची भूमिका घेणाऱ्याने मित्राची भूमिका उतरवून ठेवली पाहिजे, असे सिसेरो तिथे बजावतो. मात्र मित्राची बाजू खरी ठरावी अशी इच्छा धरणे आणि कायद्याच्या मर्यादेत त्याच्या सोयीची वेळ देणे, एवढी सवलत तो मैत्रीला ठेवतो. सालामिसमध्ये त्याने ब्रूटससाठी जे केले ते नेमके वेळ देणेच होते, आणि त्या वेळेचे व्याज नगरवासीयांच्या नावावर चढत होते. त्या उताऱ्यात सालामिसचे नाव नाही. तरी तो लिहिताना सिसेरोला ते आठवले नसेल, हे मला पटत नाही.

या ग्रंथात आज न पटणारे पुष्कळ आहे. मजुरीला तो गुलामगिरीचा विसार म्हणतो, आणि जमिनीच्या फेरवाटपाची किंवा कर्जमाफीची नुसती कल्पनाही त्याला राज्याच्या मुळावर घाव वाटते. मोठ्या इस्टेटीच्या मालकाचेच हे मत आहे. पण अधिकाराच्या खुर्चीवर बसलेल्या माणसापुढे दुष्टाची धमकी क्वचितच येते, सभ्य मित्राची चिठ्ठी मात्र वारंवार येते, हे त्याने जेवढे जवळून पाहिले आणि स्वतः अर्धवट का होईना सोसले, तेवढे सेनेकाच्या किंवा मार्कसच्या वचनसंग्रहांतून हाती लागत नाही. म्हणून पुरवणीतील पुढच्या लेखांत ‘दे ऑफिसिस’चा आणि त्याच्या जोडीने सालामिसविषयीच्या पत्रांचा परिचय करून द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा