ब्रोकर निवडताना दलाली शेवटी पाहावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन व्यवहारांसाठी ब्रोकर निवडताना केली जाणारी तुलना बहुधा दलालीच्या दरापासून सुरू होते आणि तिथेच संपते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे.

दलाली उतरली हे चांगलेच झाले. अमेरिकेत १ मे १९७५ रोजी ठरावीक दलालीची पद्धत बंद झाली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथल्या बड्या ब्रोकरांनी एकापाठोपाठ एक शेअरवरील दलाली शून्यावर आणली. परंतु ब्रोकरला उत्पन्न हवेच असते. ते खरेदी-विक्रीच्या भावांतील फरकातून, खात्यात पडून असलेल्या रकमेवरील व्याजातून, मार्जिनसाठी, म्हणजे उधारीवरील खरेदीसाठी, दिलेल्या कर्जातून किंवा ग्राहकांच्या ऑर्डरी मोठ्या व्यापारी संस्थांकडे वळवून मिळणाऱ्या मोबदल्यातून येते. या शेवटच्या मार्गाची स्पष्ट कल्पना ग्राहकांना दिली नाही, या आरोपावरून रॉबिनहूड या ऑनलाइन ब्रोकर कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकी रोखे आयोगाशी, म्हणजे तिथल्या शेअर बाजाराच्या नियामकाशी, तडजोड करून ६.५ कोटी डॉलर भरले. दलालीत झालेली बचत जमेस धरूनही कमी प्रतीच्या भावांमुळे ग्राहकांचे ३.४१ कोटी डॉलरचे नुकसान झाले, असे आयोगाचे म्हणणे होते. शून्य दलालीचा व्यवहारही महाग पडू शकतो, तो असा.

याहून मोठा प्रश्न आपली रक्कम कोणाच्या खात्यात असते, हा आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये एमएफ ग्लोबल ही अमेरिकी ब्रोकर कंपनी बुडाली तेव्हा ग्राहकांच्या निधीत सुमारे १.६ अब्ज डॉलरची तूट आढळली. ती पुढे भरून निघाली, पण त्यासाठी ग्राहकांना काही वर्षे थांबावे लागले. म्हणून ग्राहकांचा पैसा कंपनीच्या पैशापासून वेगळा ठेवला जातो का, कंपनी बुडाल्यास भरपाईची व्यवस्था आहे का आणि परवाना क्रमांक नियामकाच्या स्वतःच्या यादीत सापडतो का, हे आधी तपासावे. जाहिरातीत छापलेल्या क्रमांकावर विसंबणे धोक्याचे आहे.

उधारीवर व्यवहार करणाऱ्यांनी तर अधिकच जपावे. १५ जानेवारी २०१५ रोजी स्विस मध्यवर्ती बँकेने युरोसमोर फ्रँकच्या भाववाढीला घातलेली मर्यादा अचानक उठवली, फ्रँक एकदम महागला आणि काही मिनिटांत कित्येकांची खाती शून्याच्याही खाली गेली. अल्पारी यूके ही ब्रोकर कंपनी त्यातच दिवाळखोर झाली. युरोपीय नियामकाने २०१८ मध्ये भावफरकाच्या करारांवर (वस्तू प्रत्यक्ष न घेता तिच्या भावातील चढउतारावर केलेल्या करारांवर) व्यवहार करणाऱ्या सामान्य ग्राहकांसाठी उधारीची मर्यादा स्वतःच्या रकमेच्या जास्तीत जास्त ३० पटींवर आणली आणि खात्यातील रकमेपेक्षा अधिक तोटा ग्राहकाच्या माथी मारता येणार नाही, असा नियम केला. असे संरक्षण आपल्या ब्रोकरकडे आहे का, हे लेखी विचारावे.

स्वतःचा अनुभव सांगतो. एका ब्रोकरकडे माझे पैसे दोन मिनिटांत जमा झाले. तेच परत मागितले तेव्हा नवनवीन कागदपत्रांच्या मागण्यांत तीन आठवडे गेले. तेव्हापासून मी आधी लहान रक्कम भरतो, एकदोन व्यवहार करतो, ती रक्कम काढून पाहतो आणि मगच पुढे जातो.

आपल्या वृत्तपत्रात ब्रोकरांच्या तुलनेचा तक्ता छापला जाईल, तेव्हा दलालीच्या रकान्याआधी निधीची सुरक्षितता, ऑर्डरी कुठे पाठवल्या जातात आणि पैसे काढायला लागणारे दिवस, हे तीन रकाने असावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक