लोकमान्यांच्या लंडनमधल्या पुतळ्याविषयी

पुणे

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार. तुमच्या मंडळाने लंडनमध्ये लोकमान्यांचा पुतळा उभारायचं मनावर घेतलं, हे वाचून फार आनंद झाला. हाउली प्लेसच्या ज्या घरात ते १९१८-१९ मध्ये राहिले, तिथे स्मृतिफलकाची निळी पाटी आहेच. आता मूर्तीही हवी.

तुझ्या अंदाजपत्रकात ग्रॅनाइट आणि अनावरण यांवर भरपूर खर्च धरलाय, पण आतल्या सांगाड्याचा उल्लेखच नाही. ब्राँझचा पुतळा बिघडतो तो आतून. पोकळीत साधं लोखंड ठेवलं की पाणी शिरतं, ब्राँझला टेकलेलं लोखंड झपाट्याने गंजतं, फुगतं आणि सांधे उकलतात. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचं तेच झालं. तांब्याच्या पत्र्याआडच्या लोखंडी पट्ट्या गंजल्या आणि १९८६ च्या शताब्दीपूर्वी त्या काढून स्टेनलेसच्या बसवाव्या लागल्या. तुम्ही पहिल्यापासूनच ३१६ प्रतीचं, म्हणजे सहसा न गंजणारं, स्टेनलेस मागा.

ब्राँझची जाडी ६ मिमी पुरे. त्या जाडीला चौरस मीटरमागे साधारण ५२ किलो धातू लागतो. ‘जाड म्हणजे मजबूत’ म्हणून कुणी १२ मिमी सुचवलं तर ऐकू नका. वजन दुप्पट होतं, जाड भाग उशिरा निवतो आणि तिथेच भोकं, भेगा पडतात. मेणाचा साचा आणि ओतकाम मिळून पुतळा क्ले मॉडेलपेक्षा दोन-तीन टक्के आक्रसतो, म्हणून बोल्टांची मापं मॉडेलवरून घेऊ नका, ओतलेल्या पावलांवरून घ्या. बोल्ट ग्रॅनाइटच्या लाद्यांत अडकवून भागणार नाही, ते आतल्या काँक्रीटपर्यंत गेले पाहिजेत.

पगडी वेगळी ओतून कपाळाच्या रेषेवर जोडतात. जोडाची सळई त्याच मिश्रधातूची हवी, नाहीतर रसायनांनी ब्राँझला गडद रंग चढवल्यावर तिथे पट्टा उमटतो. उपरण्याच्या चुण्या मला सगळ्यात जास्त काळजीच्या वाटतात. त्यांत पाणी साचतं, थंडीत गोठून प्रसरण पावतं. म्हणून प्रत्येक चुणीला बाहेर उतार द्या आणि तळाशी निचऱ्याला ८-१० मिमीची भोकं ठेवा. हातात काठी दाखवणार असाल तर आत स्टेनलेसची सळई घालून ती चौथऱ्यात उतरवा, कारण मुलं तिला लोंबकळणारच. पार्लमेंट स्क्वेअरमधला गांधीजींचा २०१५ चा पुतळा जाऊन नीट बघ. नऊ फुटी आहे, पण शाल अंगाशी धरलेली, मोडण्याजोगं काही बाहेर आलेलं नाही. चेहऱ्यासाठी मात्र केसरीवाड्यातल्या छायाचित्रांशिवाय दुसरं काही वापरू नका. मिशा आणि भुवया चुकल्या की लोकमान्य दिसतच नाहीत.

पुतळा इथे ओतून घेणार असाल तर पेटीच्या लाकडावर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का हवा (गाभ्यापर्यंत ५६ अंश, ३० मिनिटं). शिवाय ही प्राचीन वस्तू नाही, असं पुरातत्त्व खात्याचं प्रमाणपत्र आधी मिळवा, नाहीतर पेटी बंदरातच अडकते.

देखभालीचा निधी वेगळा काढा. वर्षातून एकदा, हिवाळ्याआधी, सौम्य साबणाने धुऊन पूर्ण वाळवायचं आणि मग मेण चोळायचं. २३ जुलै आणि १ ऑगस्टला लोक हार घालतील, ते घालू देत, पण तारेचा हार नको आणि ओला हार रात्रभर ठेवू नका. दुधाचा अभिषेक नको, आणि उत्साहाच्या भरात कुणी चिंच-लिंबाने घासून चकाकी आणायला गेलं तर तिथेच थांबवा. वरचा गडद थर निघाला की नव्याने रंग चढवण्यावाचून गत्यंतर नसतं.

सांगाड्याचा आराखडा हाती आला की ओतकामाला होकार देण्याआधी माझ्याकडे पाठव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर