गाभडलेल्या जनावराची वार हातानं उचलू नका

सर्व सभासदांना, विशेषतः खटाव-माणकडच्या गोठेवाल्यांना कळकळीची सूचना.

गाय-म्हैस सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली, तर 'उष्णता झाली' म्हणून सोडून देऊ नका. ब्रुसेलोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपात असू शकतो. पडलेलं वासरू, वार (जार) आणि स्राव यांत त्याचे जंतू सर्वाधिक असतात. हातमोजे घाला, सगळं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्र्यांना ओढू देऊ नका. जनावर वेगळं बांधा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवून रक्त तपासून घ्या. हे काम बहुतेक घरी बायकाच करतात, म्हणून ही सूचना त्यांना वाचून दाखवा. गरोदर बाईला तर गोठ्यात अशा वेळी मुळीच पाठवू नका.

हा रोग माणसालाही लागतो. त्यात येणारा ताप चढतो-उतरतो, रात्री घाम फुटतो, सांधे-कंबर धरते. टायफॉइड समजून महिने जातात. डॉक्टरांना 'घरी जनावरं आहेत' हे आपणहून सांगा. औषध साधारण 6 आठवडे चालतं, मध्येच सोडू नका.

धारोष्ण दूध बंद, उकळूनच प्या. शेळीचंही.

4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना आणि म्हशीच्या मादी वासरांना ब्रुसेलोसिसची लस आयुष्यात एकदाच द्यायची असते. नर वासरांना आणि गाभण जनावरांना ती देत नाहीत. या वयाची वासरं असतील त्यांनी दूध संकलन केंद्रावर नावं द्यावीत.