हरणीचा पाय

ओवळा, ठाणे
मार्गशीर्ष

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू विचारतोस तेव्हा "सुधारतेय" यापलीकडे माझ्या तोंडून काही निघत नाही. म्हणून आज लिहायलाच बसलो. हरणीची आई तू पारखून दिलेली. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात तिच्या चारही पायांवरून हात फिरवून "हीच ने" म्हणालास, तो तूच. तिच्या लेकीच्या पायाचं काय झालं ते तुला सगळं कळायला हवं.

अनंत चतुर्दशीची संध्याकाळ होती. मिरवणुका गायमुखच्या खाडीकडे निघालेल्या. आम्ही जनावरं आत घेत होतो, तेवढ्यात रस्त्यावर फटाक्यांची माळ लागली. हरणी दीड वर्षाची. घोड्यांची निगा राखणाऱ्या सईसचाचांच्या हातातून दोर सुटला आणि ती शेजारच्या रिकाम्या प्लॉटच्या काटेरी तारेत गेली. बाहेर काढली तेव्हा डाव्या मागच्या पायाच्या नळीवर, मोठ्या सांध्याच्या जरा खाली, कातडीचा पदर सुटून लोंबत होता आणि आत हाड पांढरं दिसत होतं. धुतलेला पंचा जखमेवर दाबून मी तसाच बसून राहिलो. ती थरथरत होती, पण तिने लाथ मारली नाही.

डॉक्टर त्या गर्दीतून वाट काढत आले. त्यांनी आधी जखमेकडे नाही, सांध्याकडे पाहिलं. जखमेपासून लांबच्या बाजूने सांध्यात सुई घालून निर्जंतुक सलाइन सोडलं आणि ते जखमेतून बाहेर झिरपतं का ते बघत राहिले. झिरपलं असतं तर सांधा उघडा पडलेला, म्हणजे आत जंतू शिरण्याचा धोका, आणि मग परळला जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात नेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. थेंबही आला नाही. तेव्हा कुठे माझे हात सैल झाले.

मग धनुर्वाताचं इंजेक्शन. तिला आधी लस दिलेली होती, तरी पुन्हा दिली. पाळीव जनावरांत धनुर्वाताला घोड्याइतकं लवकर बळी पडणारं दुसरं कोणी नाही, आणि त्याचे जंतू घोड्याच्याच लिदीत असतात. जिथे तो उभा राहतो तिथलीच माती त्याची वैरी. आणि धनुर्वात झालेल्या जनावराला जे अँटिटॉक्सिन, म्हणजे विषावरचा उतारा, देतात तेही घोड्याच्याच रक्तातून काढतात. हे मला नवीन नव्हतं, पण त्या रात्री तिच्या मानेवर हात ठेवून ऐकताना फार वेगळं वाटलं.

पदर जितका जगेल तितका टाक्यांनी बसवला, बाकी उघडं ठेवलं. डॉक्टरांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं की हे महिन्यांचं काम आहे. मागच्या पायाच्या त्या सांध्याखाली मांस नसतंच, कातडी, स्नायूंच्या दोऱ्या आणि हाड एवढंच. रक्तपुरवठा कमी, हालचाल मात्र सतत. पाठीवरची जखम लवकर भरते. इथे कडेने येणारी नवी कातडी दिवसाला एक मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग सरकते. मी सहा इंची मोजपट्टी जखमेशेजारी धरून फोटो काढायला लागलो. डोळ्यांना काहीच बदललेलं दिसत नाही, पण आठवड्यापूर्वीचा फोटो शेजारी ठेवला की कळतं.

आणि मग माणसं यायला लागली. सगळी प्रेमाने येत होती, हे आधी सांगतो. कोणी हळद-तेल सांगितलं, कोणी चुना, कोणी गाडीचं काळं ऑइल, एकाने मोरचुदाची पुडीच आणून दिली. माझ्या आजोबांनी टांग्याच्या घोड्याला यातलं बरंच काही लावलेलं मी पाहिलंय, आणि घोडे बरेही झालेत. पण मोरचूद वाढलेलं मांस जाळताना कडेची कोवळी कातडीही जाळतो, आणि जखम भरायची ती त्याच कडेने. भुकटी काहीही असो, ती आत घाण होऊन बसते. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेसही नव्या मांसाला मारक. मी सगळ्यांचं सगळं घेतलं, चहा पाजला आणि पुड्या कपाटात ठेवल्या. जखमेला लागायचं ते फक्त मिठाचं पाणी: एक लिटर पाणी उकळून गार करायचं, त्यात ९ ग्रॅम मीठ. जखमेवर काही न लावणं हे मला या दिवसांतलं सगळ्यांत अवघड काम वाटलं. हात नुसते स्वस्थ बसत नाहीत.

ड्रेसिंगचं तुला लिहितो, कारण तुझ्याकडेही शिंगरं आहेत. आधी न चिकटणारी जाळी, त्यावर कापसाचा जाड थर, मग क्रेप बँडेज, खुराच्या वरून सुरू करून वर चढवत न्यायचं. कापूस कमी पडला किंवा एका जागी पट्टी आवळली गेली तर पायामागची स्नायूची दोरी दुखावते आणि नवंच दुखणं उभं राहतं. दुसऱ्या, धडधाकट पायालाही तसंच बँडेज, कारण सगळा भार त्याच्यावर येतो आणि त्या खुराची आतली पकड सुटू शकते. एका पायाला वाचवताना दुसरा जातो तो असा. त्या पायाचा खूर मी सकाळ-संध्याकाळ हाताने चाचपायचो, गरम लागतो का. खाली भाताचा पेंढा जाड टाकला, कारण लाकडाचा भुसा जखमेला चिकटतो.

बँडेज बदलायला पाय मिळायला हवा ना! दुखऱ्या मागच्या पायाला हात लावू देणं कोणत्याही बछेरीला अवघड. चाचांनी तिला आईच्या शेजारच्या ठाणावर बांधलं, मधली फळी काढून टाकली. आईने गवत खाताना मान तिच्याकडे ठेवली की ही अर्धी शांत व्हायची. चाचा पुढचा डावा पाय उचलून धरायचे, म्हणजे मागच्याने लाथ मारणं अवघड जातं. मी खांद्यापासून सुरू करून पाठ, पुठ्ठा, मांडी असा हात न उचलता खाली आणायचो. पहिले काही दिवस मांडीपाशीच कातडी थरारायची. मी थांबायचो, हात तिथेच ठेवायचो. मग एका सकाळी तिने माझ्या हाताखाली पायाचा भार स्वतःहून हलका केला. चाचा म्हणाले, "दे दिया." मला पुढे बराच वेळ बोलता आलं नाही.

चंदी, म्हणजे रोजचा दाणा, निम्म्याहून कमी केली, हरभरा बंदच. उभ्या घोड्याला दाणा दिला तर तो अंगात मस्ती होऊन निघतो, नाहीतर पोटशूळ होऊन. ताप दोन वेळा बघायचो, ३८.५ च्या वर गेला की डॉक्टरांना फोन, हे ठरलेलं. ड्रेसिंग पंख्याखाली, पडदा लावून. ओल्या हवेत माशी एक क्षण बसली तरी पुरते, अळ्या पडतात. आणि रात्री दारं-खिडक्या बंद, दिवा चालू. येऊरचा डोंगर मागेच आहे, बिबट्याला रक्ताचा वास लागायला किती वेळ?

नवरात्राच्या सुमारास दाणेदार लाल मांस भरून आलं आणि तसंच वाढत सुटलं, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं कातडीच्या वर. घोड्याच्या पायावर हे हमखास होतं, आणि कडेची कातडी तो डोंगर चढू शकत नाही. डॉक्टरांनी ते पात्याने कातडीच्या पातळीला आणलं. रक्त भरपूर गेलं, पण त्या मांसात मज्जातंतूच नसतात, तिने कान सुद्धा हलवला नाही.

त्यानंतर सगळं भरत आलं, एक छिद्र सोडून. मसुराएवढं छिद्र, त्यातून रोज थोडा पू. वरून जखम सुंदर, गुलाबी, आणि मधोमध हे. लोक म्हणाले, भरेल. मलाही तेच ऐकायचं होतं. डॉक्टर म्हणाले, हाड उघडं पडलं होतं, त्यावरचा पातळ पापुद्रा खरवडला गेला असेल तर त्याखालचा हाडाचा कपचा मरतो, आणि शरीर त्याला बाहेर काढू बघतं. तो सुरुवातीच्या एक्स-रेत दिसतही नाही, काही आठवडे जावे लागतात. त्यांनी छोटं मशीन तबेल्यातच आणलं. काचेवर तो दिसला, नखाएवढा, हाडापासून सुटलेला. गुंगीचं इंजेक्शन देऊन, जागा बधिर करून, उभ्या-उभ्याच तो काढला. मी तिचं डोकं खांद्यावर घेऊन उभा होतो, आणि गुंगीत ते फार जड होतं. तो कपचा माझ्या तळहातावर ठेवला तेव्हा कळलं, इतके दिवस तिचं अंग एवढ्याशा तुकड्याशी झुंजत होतं. छिद्र त्यानंतर भराभर मिटलं.

एका ओळखीच्याने मध्येच मला सांगितलं होतं की पाय गेलेली बछेरी देऊन टाक, खर्च कशाला. त्याच्याशी मी वाद घातला नाही. पण तुला सांगतो, तिच्यावर कोणी बसेल की नाही, वरातीला जाईल की नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. आपल्या दावणीला जन्मलेलं जनावर दुखत असताना त्याच्या उपयोगाचा हिशोब कसा मांडायचा?

आता सकाळी तिला दोरावर धरून मागच्या मातीच्या रस्त्याने सरळ चालवतो, वळणं कमी, धावणं नाही. लंगडत नाही. नळीवर बोटभर लांबीचा केस नसलेला चट्टा राहिलाय. तिथे केस येणार नाहीत, आणि ती कातडी नेहमीच जरा नाजूक राहील, म्हणून मोकळं सोडायला अजून अवकाश आहे. प्लॉटच्या मालकाशी बोलून काटेरी तार काढायला लावली, आमच्या बाजूने लाकडी फळ्या ठोकल्या. आई गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेला कौपिनेश्वर मंदिरापासून निघेल, हरणी यंदा घरी. पुढच्या पाडव्याचं पुढे बघू.

दत्तजयंतीला सारंगखेड्याला मी येणार नाही, तिचं ड्रेसिंग आता दर चार दिवसांनी असलं तरी दुसऱ्याच्या हातात द्यायला मन होत नाही. तू जाशीलच. तिथे मऊ सुती मोरखी, तोंडावर बांधायची, मिळाली तर एक घेऊन ठेव, नायलॉनची नको, गालफडाला घासते. माप म्हणून आईची जुनी मोरखी पाठवतोय, तीन बोटं आत धरून घे. आणि तुझ्या शिंगरांना धनुर्वाताची लस झाली नसेल तर या आठवड्यातच करून घे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
ठाण्याचा मित्र